हंसाबाईचं बिनवासाचं पार्सल

मुरबे बंदरावरच्या हंसाबाईने गाठ मारली की ती सोडवायलाही हंसाबाईच लागायची. जन्मभर जाळी विणलेले हात ते! पण त्या दिवशी त्या हातांनी जरा जास्तच कसब दाखवलं.

लेक रुचिता नाशिकला, माळकरी घरात दिलेली. सातवा महिना. फोनवर कुजबुजली, "आई, सुक्या बोंबलांबिगर घास उतरत नाय गं." झालं! बोंबील जाणार, पण वास जाणार नाही, असं हंसाबाईने ठरवलं. बोंबलांवर प्लास्टिक, त्यावर कॉफीची पूड, त्यावर उदबत्त्या आणि वरून दोन रिळं चिकटपट्टी. पाठवणाऱ्याचं नाव? छे! मुरब्याहून काय द्राक्षं येतात? सासू लगेच ओळखायची.

बोईसरच्या टपाल कचेरीत, खिडकीमागे भाग्येश होता. सांगलीकडून बदलून आलेला कारकून.

"मावशी, आत काय आहे?"

"कापड."

"कापडाला कॉफीचा वास?"

"पोरीला आवडते काफी."

"आणि उदबत्तीचा?"

"देवभोळी हाय माझी पोर."

त्याने पार्सल हलवलं. आत खडखडलं.

"कापड वाजतं?"

"खळ घातलेली हाय ना!"

रांगेतला कारखान्यातला कामगार दोन पावलं मागे सरला. "भैया, बम-वम तो नहीं?"

भाग्येशने हसू दाबलं. "पाठवणाऱ्याचं नाव नाही, तसूभर जागा न सोडता चिकटपट्टी, वर वास लपवायला कॉफी. संशयास्पद पार्सलची आम्हाला शिकवलेली सगळी लक्षणं एकाच पुडक्यात बसवलीत, मावशी! हे तपासणीत अडकणार. कधी सुटेल, देव जाणे."

हंसाबाई खिडकीशी वाकली. "बोंबील हायेत रे बाबा. पोर डोहाळ्याची हाय."

"मग तसं लिहा, नाव टाका. मी घेतो."

"नि सासूनं दारातनं परत धाडलं तर?"

"ते मी कसं सांगू? विचारा त्यांनाच."

हंसाबाईने लेकीला फोन लावला. उचलला नेमका विहीणबाईंनी, इंदुबाईंनी. ठेवून द्यावा असं वाटलं, पण अख्खी रांग कान टवकारून उभी.

"विहीणबाई, रुचितासाठी सुके बोंबील धाडतेय. लपवून धाडत होते, तर हितं मला बॉम्बवाली ठरवलीय."

पलीकडून उत्तर आलं, "आमच्या घरात चालत नाही, ठाऊक आहे ना?"

"हाय."

"पोरगी नुसता भात चिवडतेय, मलाही बघवत नाही. गच्चीवर चूल मांडून देते. पण माझं भांडं मिळणार नाही, सांगून ठेवते."

हंसाबाई तडक बाजारात गेली. कढई घेऊन आली, कॉफी झटकली, उदबत्त्या काढल्या, बोंबील कढईत घालून पार्सल नव्याने बांधलं.

"लिव बाबा. सुकी मासळी नि कढई, धाडणार हंसाबाई, मुरबे."

"आणि घेणार रुचिता?"

हंसाबाईने पार्सलवरची गाठ घट्ट केली.

"नाय. इंदुबाईंचं नाव टाक. घर त्यांचं हाय."