'चावतो का' पुढचा शेरा

प्राण्यांच्या दवाखान्याचा डेटाबेस फार मंद चालायला लागला, म्हणून मी त्यातलं मुख्य टेबल नव्याने बांधलं. सगळ्या नोंदी नव्या टेबलात ओतल्या, जुनं पुसून टाकलं आणि एकही कुत्रं, मांजर किंवा पोपट हरवला नाही या आनंदात मास्तरांसाठी चहा घेऊन गेलो. मास्तर म्हणजे आमचा डेटाबेस सांभाळणारे. चूक सापडली की तेच काम पुन्हा करायला लावायचे, म्हणून मास्तर.

त्यांची एक सवय होती. सकाळी खुर्चीत टेकले की नोंदी बघायच्या सोडून टेबलाचीच माहिती मागवायची: कॉलम कोणते, त्यात अंक की अक्षरं, आणि प्रत्येकापुढे बनवणाऱ्याने लिहिलेला शेरा.

"मास्तर, माणसांना भेटायचं सोडून घराचा नकाशाच काय बघत बसता?" आम्ही चिडवायचो. ते चष्मा पुसत बसायचे.

टेबल मूळचं मास्तरांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, बनवलेलं. नवराबायको याच खोलीत समोरासमोर बसून, यथेच्छ भांडत काम करायचे. 'चावतो का' या कॉलमपुढे वहिनींचा शेरा होता, 'मालक नाहीच म्हणणार. हात मागे ठेवून विचारावे.' 'वजन'पुढे, 'मालकाने कडेवर घेतले असल्यास मालकाचे वजा करावे.' आणि 'इतर'पुढे, 'हा कॉलम ह्यांचा हट्ट. म्हणून रिकामा आहे.'

मागच्या हिवाळ्यात वहिनी गेल्या.

मास्तरांनी माहिती मागवली. कॉलम सगळे जागच्या जागी. शेऱ्यांची जागा कोरी. नोंदी ओतल्या की शेरे आपोआप सोबत येत नाहीत, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"बॅकअपमध्ये असतील की," मी म्हणालो.

"त्यात नुसत्या नोंदी. जागा वाचेल म्हणून तूच तसं ठेवायला सांगितलं होतंस."

त्यांनी माहिती पुन्हा मागवली. मग आणखी एकदा, आतून कुणी ओ देईल अशा आशेने. बाहेर एक कुत्रं केकाटत होतं आणि त्याचा मालक कुणालातरी छातीठोकपणे सांगत होता, "छे हो, चावत नाही!" मास्तरांच्या ओठांचा कोपरा हलला. डोळे भरून आले.

मला राहवेना. "मास्तर, तुम्हाला तर सगळे शेरे पाठ आहेत. तुम्ही सांगा, मी टाइप करतो. काना-मात्रेचाही फरक पडणार नाही."

'इतर'पुढच्या कोऱ्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं.

"पण ते तू लिहिलेलं असेल."