खाकी पुरचुंडी

बायको गेली त्या वर्षी मिरग लागला आणि मुलीचा फोन आला, "बाबा, परसात बी टाकलं का?" मी म्हटलं, कायचं बी? ती चिडली. "आईच्या डब्यातलं. सैपाकघरात वरच्या फळीवर पाहा ना."

डबा सापडला. तेलाचा जुना पत्र्याचा डबा, आत राख आणि राखेत खोचलेल्या कापडाच्या पुरचुंड्या. एकीवरही चिठ्ठी नाही. मी जन्मभर बसचा कंडक्टर. मालेगाव, शेलूबाजार, अनसिंग, सगळीकडे तिकिटं फाडत हिंडलो आणि इथे घरातच सगळे बिनतिकिटाचे. मला तिचा राग आला. मेलेल्या माणसाचाही राग येतो हे तोवर ठाऊक नव्हतं. सातवी शिकलेली बाई, चार अक्षरं खरडायला काय झालं होतं?

मालेगावच्या टोकाला आमचं दोन खोल्यांचं घर आहे, मागे थोडी मोकळी जागा. तिथे ती काय करायची ते मी कधी धड पाहिलं नाही. ड्युटीवरून आलो की ताट वाढलेलं असायचं. ताटातलं परसातून आलं की बाजारातून, हे विचारायची गरज वाटली नाही. पण ती गेल्यावर न्हाणीचं पाणी जायचं तिथे नुसतं गवत माजलं आणि ते मला बघवेना. एवढं तरी तिचं राहावं, असं फार वाटू लागलं.

म्हणून पुरचुंड्या सोडल्या, प्रत्येकीतलं अर्धं बी घेतलं आणि एका सकाळी सगळं पेरून मोकळा झालो. अर्धं मागे ठेवलं ते शहाणपणानं नव्हे. तिच्या हातचं सगळं एकदम संपवायला जीव धजेना, एवढंच.

पंधरा दिवसांनी शेजारीण कुंपणापाशी आली. ती माळ्याच्या घरची, बाजारात भाजी विकते. माझी शेती पाहून ती पदर तोंडाला लावून हसली.

"भाऊजी, सारे पाशिंजर एकाच गाडीत कोंबले व्हय? मेथी कायले टाकली आता? सडून जाईन ना ते. दसऱ्यानंतर टाकतेत मेथी."

मग तीच आत आली आणि उरलेलं बी सुपात मांडून बसली. ही काकडी, ही बरबटी, ही अंबाडी, हा सांभार, म्हणजे कोथिंबीर. खाकी पुरचुंडीतल्या चपट्या बियांपाशी मात्र थांबली. "हे वांगं नाई तं मिरची. घमेल्यात माती घालून रोप करा. मोठं झालं का समजन."

"अन् कापडं अशी निरनिराळी काहून?"

"ते तुमच्या घरातलं, मले काय माहीत?"

भादव्यात महालक्ष्म्यांना मुलगी आली. तोवर काकडीचा वेल कुंपणावर चढून शेजारणीकडेही डोकावू लागला होता. मुलीनं डबा खाली घेतला आणि पिवळ्या फुलांची पुरचुंडी हातात धरून तशीच उभी राहिली. "बाबा, हा माह्या फ्राकचा कपडा आहे!"

त्या चिंधीत काकडीचं बी होतं. लहानपणी ही पोर बोटाएवढी काकडीसुद्धा वेलावर राहू देत नसे. आम्ही दोघं तिथेच फरशीवर बसलो. निळी चिंधी मुलाच्या शाळेच्या शर्टाची, तिच्यात बरबटी. तो पुण्याला असतो, अजून फोनवर बरबटीच्या शेंगांची आठवण काढतो. जावयाच्या रुमालात मेथी. सांभार सगळ्यांनाच लागतो, तो पोत्याच्या तुकड्यात. जाडं हिरवं कापड माझ्या आईच्या लुगड्याचं, त्यात अंबाडी. आई जाऊन बारा वर्षं झाली, तरी सुनेनं अंबाडी एकही साल चुकवली नव्हती. चिठ्ठी कशाला हवी होती? कापडच चिठ्ठी होती.

"अन् हे तुमचं," मुलगी म्हणाली. खाकी तुकडा माझ्याच शर्टाच्या बाहीचा, शिवणीसकट. तो माझा आहे हे मला आधीही दिसलं होतं, पण चिंधी म्हणजे चिंधी, असं समजून मी पुढे गेलो होतो.

दिवाळीला रोपांना मिरच्या लागल्या. बारक्या, आभाळाकडे तोंड करून उभ्या. तव्यावर भाजून ठेचा केला आणि पहिल्याच घासाला ओळखलं. हाच ठेचा वर्षानुवर्षं माझ्या ताटाच्या कडेला असायचा. उन्हाळ्यात झाडं वाळली की बाजारच्या मिरचीचा ठेचा येई आणि मी कुरकुरत असे, की याला चवच नाही. ती म्हणे, "मिरग येऊ द्या." का, ते मी कधी विचारलं नाही. तिला स्वतःला तिखट चालतच नव्हतं. छातीत जळजळ व्हायची, मिरच्या कुटल्या की रात्रीपर्यंत हात भगभगायचे. जे कधी तोंडात घातलं नाही ते तिनं माझ्यासाठी दरवर्षी लावलं.

मग मी तिची पुरचुंडी शोधू लागलो. डब्यातली राख चाळली. शिलाई मशीनचा कप्पा पाहिला, फळ्या पाहिल्या. शेवटी तिची पेटी उघडून एकेक साडी उलगडली. एकाही साडीचा कोपरा फाडलेला नव्हता.

मुलीला फोन केला. "तुह्या आईले काय आवडे गं?"

ती म्हणाली, "आई तं सगळ्यायचं झाल्यावर जेवे, बाबा. उरलं ते खाये." आणि मग, "तुमाले माहीत असन ना."

अनसिंगच्या रस्त्यावर कोणता म्हातारा कोणत्या झाडाखाली उतरणार, हे मला पाठ होतं. त्यानं घंटी मारायला सांगायच्या आधी मी मारत असे. आणि जी रोज समोर बसून मला वाढायची, तिच्याबद्दल मला एवढंही सांगता येईना. फोन ठेवला आणि मला तिची अशी आठवण आली, की आत्ता स्वयंपाकघरातून आली असती तर आधी तिचंच ताट वाढलं असतं.

आता पुन्हा मिरग जवळ आला आहे. यंदा वाफे नीट आखले, शेजारणीनंही नावं ठेवली नाहीत. न्हाणीजवळचा वाफा, जिथे पाणी सगळ्यात आधी पोचतं, तो तिचा. परवा पेटीतून तिची निळ्या काठाची साडी काढली आणि कोपरा फाडला. ती चिंधी खिशात घेऊन मी परसात जातो, वाफ्यापाशी उभा राहतो आणि परत येतो. तिच्यात काय बांधायचं, ते मला माहीत नाही.