मोठ्यानं केलेली प्रार्थना

आमच्या पिंगळीच्या घरात पुढच्या खोलीत पलंग नाही, खुर्ची नाही. भिंतीशी गुंडाळलेल्या सतरंज्या आणि खिळ्याला अडकवलेला डफ, एवढंच. घर बांधताना मी सोफ्याचं नाव काढलं तेव्हा आई म्हणाली होती, "सोफ्यावर तिघं बसत्यात. खाली बसवलं की सगळी वस्ती बसती." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, घरही माझ्या नोकरीवर उभं राहिलं, पण ते कशासाठी, हे आईनं ठरवलं. दर शुक्रवारी संध्याकाळी तिथं प्रार्थना होते. पोखर्णीकडच्या गावांतूनही बाया येतात. ज्याला कुठंच जागा नाही त्याला आमच्यात आहे, असं मी शाळेच्या स्टाफरूममध्ये ताठ मानेनं सांगायचे.

म्हणूनच ती बाई आमच्याकडं आली. एकदाच तिच्या शेजारणीबरोबर प्रार्थनेला आली होती, तेवढ्यावर घर लक्षात ठेवलं होतं. मंगळवारी दुपारी दारात उभी. अंगावरची साडी तेवढी, हातात पिशवीसुद्धा नाही. आईनं काही विचारलं नाही. पाणी दिलं, न्हाणीत नेलं आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "पाठीकडं बघवना गेलंय." नवऱ्यानं पट्ट्यानं मारलं होतं. पोलिसांत जाऊ, असं मी म्हणाले. ती नको म्हणाली. तिचं मागणं एकच होतं.

"मी इथं हाय हे कुणालाच कळू देऊ नका, मावशी. माझ्या माहेरीबी नको. ते हाताला धरून परत सोडून येत्यात."

"न्हाई सांगत," आई म्हणाली. "प्रभूचं घर हाय हे. रहा खुशाल."

दोनच दिवसांत ती मोकळी झाली. आईच्या भाकरीकडं बघून म्हणाली, "मावशी, ही भाकर हाय का जिल्ह्याचा नकाशा?" आई इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. त्या दिवसापासून भाकरी तीच थापायला लागली.

शुक्रवारी मी तिला आतल्या खोलीत बसवलं, पडदा ओढला. बाया आल्या, गाणी झाली, मग विनंत्यांची वेळ आली. आमच्यात ज्याचं जे दुखणं असेल ते त्यानं बोलायचं, आणि मग एकानं सगळं मोठ्यानं प्रभूपुढं मांडायचं, अशी रीत आहे. ते मांडायचं काम आईचं. आईला अक्षर येत नाही. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबली, तिथं कुणापुढं आवाज चढवला नाही. तिचा खरा आवाज मी प्रार्थनेतच ऐकलाय. त्याला कुणी हसलेलं मी खपवून घेतलं नसतं.

त्या दिवशी आईनं कुणाचा गुडघा, कुणाच्या पोराची नोकरी असं सगळं मांडलं. मग आवाज चढवून म्हणाली,

"प्रभू, ह्या पडद्यामागं तुझी लेक बसलीय. पट्ट्यानं मारलंय बाबा तिला. पाठीवर जागा ठिवली न्हाई. तिच्या नवऱ्याचं मन फिरव, बाबा..." आणि तिनं त्याचं नाव घेतलं, गावाचंही घेतलं, देवाला पत्ता चुकू नये म्हणून घ्यावं तसं.

सगळी खोली रडत होती. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं. सवयीनं तोंडातून निघून गेलं, आणि मग कळलं आपण कशाला आमेन म्हटलं ते.

डोळे उघडले तर सगळ्यांच्या नजरा पडद्यावर. एकजण तेलाची बाटली घेऊन उठली, "कुठंय लेकरू? तेल लावून प्रार्थना करू." तिला पहिल्यांदा घेऊन आलेली शेजारीणही बसली होती. ती तर आनंदानंच ओरडली, "अगं बाई, ती हितं हाय व्हय! घरी समदी हुडकायलेत तिला." कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. म्हणून कुणावर ओरडताही येईना. मी पडद्यासमोर उभी राहून "चहा घ्या, चहा" करत राहिले.

तिचा चहा घेऊन आत गेले तर मागचं दार उघडं होतं.

बाया गेल्यावर मी आईला म्हणाले, "तू शब्द दिला होतास तिला."

"मी कुणाला सांगितलं? मी प्रभूला सांगितलं."

"सगळ्या ऐकत होत्या, आई!"

"डोळे मिटून होत्या की."

ती मला बनवत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा नवरा आला, बरोबर दोघं. दारात चपला काढल्या, हात जोडले. "ताई, आमची बायको हाय का तुमच्यात?"

"नाही."

"बघू द्या की. तुमचं दार समद्याला उघडं असतंय म्हणत्यात."

मी आडवं यायला हवं होतं. त्यानं पडदा बाजूला केला, आत डोकावला, न्हाणीत बघितलं. मी तिथंच उभी. आणि मनात एकच, बरं झालं, तिनं आमच्यावर विश्वास ठेवला नाही. आमच्या घरात आसऱ्याला आलेली बाई आमच्या घरातून पळाली म्हणून वाचली. ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये कुणाला सांगितलेली नाही.

काही दिवसांनी अनोळखी नंबरवरून तिचा फोन आला. "ताई, नीट हाय मी. काळजी करू नका." आईनं माझ्या हातातून फोन ओढलाच. "कुठं हायस गं लेकरा?"

ती म्हणाली, "ते नका विचारू, मावशी. तुमच्यात प्रार्थना असती."

रागानं बोलली नाही. आईनं फोन माझ्या हातात दिला आणि पीठ मळायला बसली.

पुढच्या शुक्रवारी विनंत्यांच्या वेळी तेलवाल्या बाईनं विचारलं, "त्या लेकराचं काय झालं? तिच्यासाठी मांडा की."

मी म्हणाले, "तिचं मोठ्यानं नको. ज्यानं त्यानं मनात करा."

"मनात? ही कुठली नवी रीत? शिकली म्हणून आता प्रार्थनाबी शिकवती का?"

आईनं त्या दिवशी कुणाचंच काही मांडलं नाही, गुडघ्याचंही नाही. भिंतीला टेकून, डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून बसली होती. मीच तिला तसं करायला लावलं होतं, आणि मला तिच्याकडं बघवत नव्हतं.