अजायबघरातल्या पदकाची नक्कल

अंबडच्या दवाखान्यात एक कंपाउंडर होते. नाव न्हाई सांगत. हिवताप डासानं होतो हे ज्या डॉक्टरानं शोधलं, त्याच्या मानाचं पदक हैदराबादच्या अजायबघरात होतं. त्याची हुबेहूब नक्कल या कंपाउंडरांनी आणल्ती. काचेच्या कपाटात ठेवायचे, रोज पुसायचे, कुणाला हात लावू द्यायचे न्हाईत. अन् लेकराच्या गळ्यात ताईत दिसला की कात्रीच घ्यायचे. "ताईत बघून डास पळतो का हो, आक्का? कोयनेलच्या गोळ्या द्या, बराबर वक्ताला!" माझ्या पोराचा ताईतही असाच कापला. मी लई रडले, पण पोरगं त्या गोळ्यांनीच उठलं.

एकदा मी त्यांच्या घरी ताक द्यायला गेल्ते. त्यांची पाच वर्षांची लेक तापानं फणफणली होती, अन् हा माणूस ते पदक वाटीतल्या पाण्यात बुडवून तेच पाणी तिला पाजून राह्यला होता!

मला बघून त्यांनी मान खाली घातली. "कालपासून गोळी पोटात ठरंना, आक्का. मंग काय करू?"

मी ताक खाली ठेवलं, पोरीचं डोकं वर उचलून धरलं अन् म्हणलं, "पाजा, दादा."