पेवातल्या पाटल्या

महागाई येणार हे सबंध सातारा जिल्ह्यात सर्वांत आधी आमच्या रहिमतपूरच्या घरमालकांना कळायचं. ती गेली हे मात्र सर्वांत शेवटी. पलटणीतून निवृत्त झालेले हे हवालदार सकाळी ओट्यावर पेपर पसरून आधी बाजारभावाचं पान उघडत आणि तावडीत सापडेल त्याला जगाचं अर्थकारण समजावत. मी बँकेत कारकून आणि त्यांचा भाडेकरू, त्यामुळे सापडायचो मीच. "सायब, तिकडं अरबानं तेलाचा नळ आवळलाय, आता हितं लोणंदची येष्टी म्हागणार बगा!" आणि एस्टी खरंच महागायची. नोटेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "नोट ठिवली की झिजती, वस्तू ठिवली की फुगती," या सिद्धांतापायी माजघरात काडेपेट्यांची भिंत उभी होती आणि साबणाच्या वड्या इतक्या, की भाकरीलाही त्यांचा वास यायचा. मी मुदत ठेवीचं नाव काढलं की आजाऱ्याकडे बघावं तसं ते माझ्याकडे बघत. माझं व्याज महागाईच गिळत होती, म्हणून मीही गप्प बसायचो.

मग एका वर्षी त्यांनी कहर केला. बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, सोन्याच्या पाटल्या मोडल्या आणि सांगलीजवळच्या एका पेवात हळद भरली. पेव म्हणजे जमिनीतला खोल खड्डा. तोंड लिंपलं की हळद वर्षानुवर्षं टिकते, पण एकदा फोडलं की सगळीच बाहेर काढावी लागते. "दिवाळीला डबल वजनाच्या पाटल्या करतो तुला," असं त्यांनी काकूंना वचन दिलं.

भाव चढला. दिवाळीला काकू म्हणाल्या, "आवं, फोडा की आता."

"येडी का काय! आजून चढतोय."

संक्रांतीला तेच, पाडव्यालाही तेच. काकू हळदीकुंकवाला पदराखाली हात लपवून जात. मला बघवत नसे. पुढे आणीबाणी आली, साठेबाजांवर धाडी पडू लागल्या, पाऊसही बरा झाला आणि भाव घसरले. "ही माघार न्हाई, डावपेच हाय," असं हवालदार आणखी काही महिने सांगत राहिले. शेवटी पेव फोडलं तेव्हा आलेल्या पैशात एकच पाटली झाली, तीही बारीक. कारण मधल्या काळात सोनंच फुगलं होतं! त्यांचा सिद्धांत खरा होता. फुगणारी वस्तू तेवढी त्यांनी मोडली होती.

हवालदार ओट्यावर मान खाली घालून बसले. काकूंनी ती पाटली चढवली आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. शहरातल्या बायका न्हाई का, एका हातात घड्याळ घालत्यात?"

हवालदार उठले. मनगटावरचं पलटणीचं घड्याळ सोडून त्यांनी काकूंच्या रिकाम्या हाताला बांधलं.

तेव्हापासून सकाळी पेपर आला की बाजारभावाच्या आधी ते आत हाक मारायचे, "आगं, किती वाजलं?" आणि काकू ते ढगळ घड्याळ सावरत बाहेर यायच्या. पुढे माझी सांगलीला बदली झाली. अजूनही भावाचं पान उघडताना मी क्षणभर थांबतो. ती हाक ऐकू येत नाही, याचं वाईट वाटतं.