खुशालरावांनी शोधलेली डॉक्टरबाई

वीज मंडळात चौतीस वर्षं मीटर तपासणारा माणूस सीलवर जेवढा विश्वास ठेवतो तेवढा माणसावर ठेवत नाही. खुशालराव मोहोडांना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी त्यांची ही खोड गेली नव्हती. दुधाची पिशवी घेतली की तारीख वाचायची, गॅसची टाकी आली की वजन करून घ्यायचं. अमरावतीच्या साईनगरातले शेजारी त्यांना हसत. त्यांची बायको शकुन मात्र हसतही नसे. अडतीस वर्षांच्या संसारात तिला याची सवय झाली होती.

राजापेठेतले जुने डॉक्टर घुईखेडकर दवाखाना बंद करून पुण्याला मुलाकडे कायमचे राहायला गेले, तेव्हा खुशालरावांना जणू नवी नोकरीच लागली. त्यांची स्वतःची बीपीची गोळी होती, शकुनचे गुडघे होते, म्हणजे घराला डॉक्टर हवाच. त्यांनी एक वही केली आणि सकाळी फिरायला निघाले की एकेका दवाखान्याच्या पाटीवरून नाव, डिग्री आणि नोंदणीचा नंबर उतरवून आणायला लागले. घरी येऊन मोबाइलवर मेडिकल कौन्सिलची साइट उघडायची आणि नंबर टाकून पाहायचा. एकाच्या नावापुढची मोठी डिग्री नीट वाचली तर भलत्याच कुठल्या कोर्सची निघाली. दुसऱ्याच्या नोंदणीची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती. खुशालरावांनी सरळ जाऊन विचारलं, तर कंपाउंडर अंगावर धावून आला. तिसऱ्याच्या पाटीवर नंबरच नव्हता. त्याच्या पायरीवरूनच ते परतले.

चौथ्या डॉक्टर पौर्णिमा गावंडे. पंचेचाळिशीच्या, मूळच्या अकोल्याच्या. नंबर पाटीवर ठळक, नोंदणी चालू, एमबीबीएसनंतर फॅमिली मेडिसिनचंच शिक्षण. खुशालरावांनी त्यांना तोंडावर विचारलं, की आमचा आरोग्य विमा तुमच्याकडे चालतो का. बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. दवाखान्यात दाखवायला तुमचा विमा लागू होत नाही, भरती व्हायची वेळ आली तर होतो, असं त्यांनी सांगितलं. आपण ज्या हॉस्पिटलात पेशंट पाठवतो तिथं सध्या तुमच्या कंपनीचं कॅशलेस आहे, पण या याद्या बदलत असतात, तेव्हा अधूनमधून विचारून घेत जा, असंही म्हणाल्या. इतकं सरळ उत्तर खुशालरावांना कोणत्याच दवाखान्यात मिळालं नव्हतं. पोरीसाठी चांगलं स्थळ सापडल्यासारखे ते खुशीत घरी आले.

पहिल्या भेटीला दोघंही गेली. घुईखेडकरांकडे शकुन नुसती खुर्चीत बसायची आणि तिचं दुखणं खुशालराव सांगायचे. इथंही त्यांनी सुरुवात केली. गुडघे केव्हापासून दुखतात, कोणतं तेल लावलं, जिना चढताना कसं होतं, सगळं क्रमानं सांगायला लागले. बाईंनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसाल काय? मले काकूंकडून ऐकू द्या."

खुशालराव बाहेर बाकावर येऊन बसले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मग बंद दारातून शकुनच्या हसण्याचा आवाज आला. मोठ्यानं, मोकळं हसणं. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानंही दाराकडे पाहिलं. खुशालरावांना काही केल्या आठवेना, की आपल्या घरात ही अशी शेवटची कधी हसली होती.

वाटेत त्यांनी विचारलं, एवढं काय बोलत होत्या. शकुन म्हणाली, "काई नाई, असंच."

तिथून सुरुवात झाली. शकुन दर पंधरवड्याला जायला लागली आणि तीही एकटी, ऑटोनं. येताना तिचा चेहरा वेगळाच असे, आणि विचारलं की उत्तर एकच, काई नाई. दहा वर्षं खुशालराव तिला सकाळी चालायला चल म्हणत होते, तेव्हा ती म्हणायची, माझे गुडघे दुखतात. आता बाईंनी सांगितलं म्हणून ती साडेपाचला उठून चालायला लागली. भात कमी केला. चहातली साखर सोडली. प्रत्येक गोष्टीआधी एकच, "डॉक्टरबाई म्हणे..." खुशालरावांच्या कानात ते दोन शब्द खड्यासारखे रुतायला लागले.

एका रविवारी तिनं कण्या घालून अंबाडीची भाजी केली. ही भाजी खुशालरावांच्या जिवाची. ते ताटावर बसले तर पातेल्यात अर्धीच भाजी. उरलेली कुठं गेली विचारलं, तर डॉक्टरबाईंना खूप दिवसांत मिळाली नव्हती म्हणून सकाळीच डबा पोचवून आले, असं तिनं सांगितलं. खुशालराव जेवले, पण त्या दिवशी त्यांना भाजीची चवच लागली नाही. आपण एका बाईवर, तेही बायकोच्या डॉक्टरणीवर जळून राहिलो आहोत, हे त्यांना कळत होतं. लाजही वाटत होती. पण लाज वाटली म्हणून जळणं थोडंच थांबतं?

मग त्यांनी पुन्हा वही काढली. बाईंचा नंबर पुन्हा टाकून पाहिला. मुदत शाबूत होती, याचं त्यांना वाईटच वाटलं. इंटरनेटवर पेशंटांनी लिहिलेले अभिप्राय वाचत बसले. सगळे चांगले. एकच माणूस लिहून गेला होता, की इथं फार वेळ बसावं लागतं. तो अभिप्राय खुशालरावांनी दोनदा वाचला. शेवटी, बाई ज्या हॉस्पिटलचं नाव सांगायच्या तिथं ते उन्हात स्कूटरवर गेले आणि विम्याच्या खिडकीवर चौकशी केली. तिथल्या मुलीनं संगणकात पाहून सांगितलं, की तुमच्या कंपनीचं कॅशलेस गेल्या महिन्यापासून इथं बंद झालं आहे.

खुशालराव तिथून निघाले ते जिंकल्यासारखे. बाईंनी यादी बदलते असं आधीच सांगून ठेवलं होतं, ते त्यांना आठवलं. पण ते त्यांनी मनातल्या मनात बाजूला सारलं. घरी आल्याबरोबर त्यांनी शकुनला सुनावलं, की तुझ्या डॉक्टरणीच्या हॉस्पिटलात आपला विमा चालत नाही, आता दुसरा डॉक्टर पाहावा लागेल. शकुन तुरीची डाळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुमी पाहा तुमच्यासाठी," ती म्हणाली. "मी नाई बदलत."

अडतीस वर्षांत शकुननं त्यांना असं तोडून उत्तर दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बीपी दाखवायचं निमित्त करून ते एकटेच दवाखान्यात गेले. बीपी वाढलेलंच होतं. बाईंनी गोळी नियमित घेता का विचारलं. पण जे विचारायला आले होते तेच खुशालरावांच्या तोंडून बाहेर पडलं, की आमची शकुन इथं येऊन तुमच्याशी काय बोलते. बाईंनी पट्टा सोडवला, गुंडाळून ठेवला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "ते मी सांगत नाही, काका. तुम्ही इथं जे बोलाल तेही मी त्यांना सांगणार नाही." मग त्या गोळीचा डोस बदलून लिहायला लागल्या. आपल्याला सांगायची परवानगी नसलेलं काहीतरी या घरात आहे आणि ते या बाईला माहीत आहे, एवढंच कळून खुशालराव बाहेर पडले. आलो नसतो तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

चार दिवसांनी, सकाळचा चहा झाल्यावर, शकुननं टीव्ही बंद केला आणि त्यांच्यासमोर येऊन बसली. विम्याचं कार्ड कुठं आहे, तिनं विचारलं. मग सांगितलं. छातीत डाव्या बाजूला गाठ होती. वर्षभरापूर्वीच हाताला लागली होती. बाईंनी मॅमोग्राफी करायला लावली, सुई टाकून तपासून घेतलं. रिपोर्ट साधाच आला होता, घाबरण्यासारखं काही नव्हतं. तरी गाठ मोठी आहे, काढून टाकलेली बरी, असं बाईंनी ज्यांच्याकडे पाठवलं ते सर्जन म्हणत होते. विमा खुशालरावांच्या नावावर, म्हणजे त्यांची सही पाहिजे. नाहीतर हेही तिनं सांगितलं असतं की नाही कोण जाणे.

खुशालरावांच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "बाईले केव्हा सांगतलं होतं?"

"पयल्याच दिवशी."

म्हणजे आपण बाहेर बाकावर बसलो होतो तेव्हा. गाठ केवढी आहे, दुखते का, हे आपण आधी विचारलं नाही, आधी हे विचारलं, हे खुशालरावांच्या लक्षात आलं आणि ते मनातून फार खजील झाले. तरी छातीत जी कळ उठली ती गाठीच्या भीतीची किती आणि दुसऱ्या कुणाला आधी कळलं याची किती, हे त्यांना सांगता आलं नसतं. मग त्यांनी विचारलं, "मले काहून नाई सांगतलं वर्षभर?"

शकुननं विचार करून उत्तर दिलं. "तुमी त्याची फाइल केली असती. मंग रोज मले ते फाइल दिसली असती. मले भेव वाटत होतं, अन् ते भेव कोणीतरी नुसतं ऐकून घ्यावं, एवढंच पायजे होतं."

खुशालराव उठले, कपाटातून विम्याचे कागद काढले आणि फाइलमध्ये न लावता तसेच टेबलावर ठेवले. मग त्यांनी पुन्हा सांगितलं, की अमरावतीचं ते हॉस्पिटल यादीतून खरंच गेलं आहे, आपण स्वतः तिथं जाऊन खात्री करून आलो आहोत. शकुन त्यांच्याकडे पाहत राहिली. ते कशासाठी खात्री करायला गेले होते, हे तिला कळलं असावं. विमा कंपनीला फोन लावल्यावर जवळचं जे नाव निघालं ते अकोल्याचं होतं. डॉक्टरबाईंना विचारलं, तर तिथले सर्जन चांगले आहेत, बिनधास्त जा, म्हणाल्या आणि चिठ्ठी दिली. खुशालरावांनी त्या सर्जनचाही नंबर कौन्सिलच्या साइटवर तपासला. या वेळी शकुननंच चष्मा आणून दिला.

सकाळच्या एसटीनं दोघं निघाली. बडनेरा मागे पडलं. मूर्तिजापूरच्या अलीकडे खुशालरावांच्या गावाचा फाटा लागतो. तिथं गाडी थांबली, दोघं-तिघं उतरली आणि गाडी पुन्हा निघाली. खुशालराव खिडकीतून बाहेर पाहत होते. त्यांचा धाकटा भाऊ देवमन बाविसाव्या वर्षी तापानं गेला, हे शकुनला लग्नाआधीपासून माहीत होतं. घरात सगळ्यांना तेवढंच माहीत होतं.

"देवमनले मीच नेलं होतं," खुशालराव म्हणाले. "सायकलच्या कॅरेजवर बसवून. बाजूच्या गावात एक जण होता, पाटीवर डॉक्टर लिहिलं होतं. त्यानं सुई टोचली. अर्ध्या वाटेत पोरगं गार पडलं. मागाहून समजलं, त्याच्याजवळ कशाचाच कागद नव्हता. मी पाटी वाचली अन् आत नेलं. दुसरं काहीच विचारलं नाई."

शकुननं सासऱ्यांबद्दल विचारलं, "मामाजीले ठाऊक होतं?"

"कोणालेच नाई."

तिनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला. भर एसटीत तिनं असं कधी केलं नव्हतं. समोरच्या सीटवरची बाई मागे वळून पाहत होती, तरी शकुननं हात सोडला नाही. बोरगाव मंजू आलं तेव्हा खुशालराव हळू आवाजात म्हणाले, "हे डॉक्टरबाईले सांगू नको."

"नाई सांगत," शकुन म्हणाली.

खुशालरावांना बरं वाटलं. इतकं बरं, की ऑपरेशनला चाललेल्या बायकोशेजारी बसून हे वाटावं याची पुन्हा लाज वाटली.

ऑपरेशन छोटंच होतं. दुपारी आत नेलं, तासाभरात बाहेर आणलं. गाठ सबंध निघाली, दिसायला तर निरुपद्रवी आहे, तरी पक्का रिपोर्ट आठवड्यानं येईल, असं सर्जननी सांगितलं. विम्याची मंजुरी तोवर येऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं घरी परतली. नागपूरहून मुलगी दीपमाला येऊन राहिली. आपल्यापासूनही लपवून ठेवलं म्हणून ती आईवर दोन दिवस फुगून होती. खुशालरावांना तिचा तो रुसवा फार जवळचा वाटला.

रिपोर्ट खुशालरावांच्या मोबाइलवर आला, कारण विमा त्यांचा आणि नंबरही त्यांचाच. ते तेव्हा राजापेठेत भाजी घेत होते. रस्त्याच्या कडेला स्कूटरला टेकून त्यांनी ओळ न् ओळ वाचली. नाव बरोबर, वय बरोबर, तारीख बरोबर. खाली लिहिलं होतं, साधी गाठ, कर्करोग नाही. पालक भाजीवाल्याच्या गाडीवरच विसरून ते घरी आले आणि शकुनला सांगितलं. तिनं पदरानं डोळे पुसले, देवाला हात जोडले. मग म्हणाली, "डॉक्टरबाईले कळवा ना. वाट पाहून राहिल्या असतील."

"कळवतो," खुशालराव म्हणाले.

पण त्यांनी आधी दोघांचा चहा ठेवला. तिच्या कपात साखर घातली नाही. दीपमाला आंघोळीला गेली होती, घरात तेवढा वेळ दोघंच होती. बाहेर कुणाला अजून काही माहीत नव्हतं. खुशालरावांनी तो चहा नेहमीपेक्षा सावकाश प्यायला. कप रिकामा झाला, तेव्हा खिशातून मोबाइल काढून त्यांनी पौर्णिमाबाईंचा नंबर लावला.