सगळ्यात हळू माणूस म्होरं

“माझी पोरगी बोर्डात येणार हाय, बोर्डात! अन् तुम्ही तिला शेपटाला लावून राहिले?”

हत्तीबेटाच्या टेकडीच्या पायथ्याशी निलंग्याचे आडत व्यापारी वीरभद्रप्पा असे काही ओरडत होते की तिकडं देगलूरच्या बाजारात म्हशींनी दावी तोडली असावीत. त्यांची मुलगी महादेवी लातुरात क्लासला. महिन्यातला एकच मोकळा रविवार, आणि त्या रविवारी पोरगी कुठल्याशा ‘चढण मंडळा’बरोबर डोंगर चढायला गेली, हे कळल्याबरोबर अप्पांनी जीप काढली ती थेट उदगीरच्या पुढं येऊन थांबवली. बघतात तर चाळीसेक माणसांची रांग लागलेली, आणि पोरगी शेवटून दुसरी. तिच्यामागं फक्त मंडळाच्या प्रयागबाई. साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. उंची पाच फुटांना दोन बोटं कमीच, पण ती शिट्टी वाजली की विष्णुपुरीच्या धरणातलं पाणी वीतभर मागं सरायचं, हे मी स्वतः पाहिलंय.

“ती लई जोरात चालते, म्हणून मागं,” बाई म्हणाल्या.

“जोरात चालते तर म्होरं घाला की! म्होरं कोण हाय? हे... हे कोण?”

‘हे’ म्हणजे मी. बाबूभाई मंडपवाला. त्या काळी माझं वजन एका पूर्ण शामियान्याइतकं होतं, खांबांसकट. बाईंनी अप्पांना पायापासून पागोट्यापर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे विचारलं, “तुम्ही रोज किती चालता?” अप्पा म्हणाले, “आम्ही जीपनं फिरतो.” “मग तुम्ही बाबूभाईंच्या मागं उभं ऱ्हावा. तुमचा दुसरा नंबर.” दुसरा नंबर म्हटल्यावर क्लासच्या पोरीचा बाप कसा फुलतो ते त्या दिवशी पाहिलं! अप्पा मुकाट रांगेत शिरले, छाती काढून बेट चढले, वर पोचल्यावर पाणी पिता पिता मला म्हणाले, “दुसरा तर दुसरा... पण ते कशावरून काढतात हो नंबर?” मी सांगितलं. आमच्या मंडळाचा एकच नियम. सगळ्यात हळू माणूस म्होरं, त्याच्या मागं त्याहून जरा बरा, असं करत करत सगळ्यात तरणाताठा शेवटी. पहिल्याला ओलांडून कुणी जायचं नाही. तो थांबला की सगळे थांबणार. अप्पांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाले, “अय्यो.” पुढच्या महिन्यात जीप घरी ठेवून एस.टी.नं आले.

प्रयागबाई गेल्या त्याला आता सहा आठवडे झाले. खबर आली तेव्हा मी औशाच्या एका लग्नात कमान चढवत होतो. फोन महादेवीचा. ती आता नांदेडला डॉक्टर आहे, आणि मला चाचा म्हणते. “चाचा, बाई गेल्या. झोपेतच.” एवढंच बोलली. मी फोन खिशात घातला आणि कमान पूर्ण केली, कारण खाली वरमाय उभी होती. नंतर पाहिलं तर कमान उलटी लागली होती. ‘स्वागतम्’ मांडवाच्या आत आणि कोरी बाजू रस्त्याला. चाळीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा... आणि कुणी मला बोललं नाही.

मी त्या मंडळाचा तीसहून जास्त वर्षं सगळ्यात पुढचा माणूस होतो. हे मी दुकानाच्या पाटीवरही लिहून घेतलं होतं : ‘चढण मंडळ, अग्रभागी’. बाहेरगावच्या लोकांना वाटायचं, हा कुणी मोठा गिर्यारोहक असणार. मीही कधी त्यांचा गैरसमज दूर करायला गेलो नाही. पण हा नियम कुठून आला, ते मी आजवर कुठं बोललो नव्हतो. आज सांगतो.

भूकंप झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई माझ्या दुकानात आल्या. तोवर मी त्यांना ओळखत नव्हतो. एका शाळेत खेळ शिकवतात एवढं ऐकून होतो. दारातूनच म्हणाल्या, “ताडपत्र्या किती हायेत?” मी म्हटलं, “बाई, गणपतीचा हंगाम आताच सरला, सगळा माल ओला आहे.” त्या म्हणाल्या, “लोकंबी ओलेच हायेत.” तासाभरात ट्रक भरला. त्यांच्या शाळेची दहा-बारा पोरं, बाई, माझे दोन गडी आणि मी. वाटेत एका ओढ्याला पाणी आलेलं, ट्रक पुढं जाईना. गाव तिथून कोस-दीड कोस. पोरं तरणी, बाई त्यांच्याहून तरण्या... त्या सगळ्यांच्या अंगात वारं शिरलेलं. ‘मदतीला पोचायचं’ म्हणून चिखलातून पळतच सुटले. ताडपत्र्यांच्या गुंडाळ्या माझ्या आणि माझ्या दोन गड्यांच्या डोक्यावर, कारण ‘सामान मंडपवाला आणेल’ असं ठरलेलं.

पोरं गावात पोचली. गाव कसलं, मातीचा ढीग. जी माणसं उरली होती ती उघड्यावर बसलेली आणि वरून पाऊस. एका म्हातारीनं बाईंच्या हाताकडं पाहिलं आणि विचारलं, “पोरी, रिकामीच आलीस व्हय?” बस्स. रागानं नाही, टोमणा मारून नाही. नुसतं विचारलं. त्यानंतर पाऊण तास बाई त्या म्हातारीसमोर रिकाम्या हातानं पावसात उभ्या होत्या, कारण ताडपत्री माझ्या डोक्यावर होती आणि मी मागं, चिखलात. त्या पाऊण तासात मी दोनदा खाली बसलो होतो. एकदा दम लागला म्हणून आणि एकदा... एकदा नुसताच. माझ्या गप्पांमध्ये ओढ्याला पूर असतो, पाणी छातीला लागतं, साप पोहत जातात. पण मी दोनदा बसलो होतो, हे त्या गप्पांत कधीच नसतं.

परत येताना बाईंनी मला बोल लावला नाही. ट्रकमध्ये बसल्यावर म्हणाल्या, “चूक माझी. तुम्हाला म्होरं घालायला पायजे होतं.”

त्या साली लातुरात कुणी छपराखाली झोपायला तयार नव्हतं. भिंतीकडं बघितलं तरी माणसं दचकायची. बाईंनी तीच माणसं गोळा केली आणि रविवारी सकाळी खरोशाच्या लेण्यांच्या टेकडीवर नेली. “डोंगर पडत न्हाई, चला,” म्हणाल्या. असं सुरू झालं मंडळ. गावानं पोट धरून हसून घेतलं. लातुरात उंच म्हणावं असं दोनच : पाण्याची टाकी आणि तुरीच्या डाळीचा भाव. इथं कसलं गिर्यारोहण? पण बाईंनी उदगीर, कंधार, बालाघाटातले घाट, एकेक चढ शोधून काढला. वर्षातून एकदा, थंडीत, माहूर. ते आमचं एव्हरेस्ट. मी तर म्हणतो एव्हरेस्टपेक्षा एक पायरी जास्तच, मोजून घ्या.

मग क्लासचं पीक आलं. गल्लोगल्ली वसतिगृहं, मेसचे डबे, आणि चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, एकेकाचं डोकं माझ्या मांडवाएवढं. परभणी, बीड, नांदेडहून पोरं येऊन आठ बाय आठच्या खोल्यांत दिवसचे दिवस बसायची. बाई वसतिगृहांच्या मालकांशी भांडल्या, क्लासच्या सरांशी गोड बोलल्या, आणि महिन्यातला एक रविवार सोडवून आणला. पोरं पहिल्यांदा यायची तेव्हा खिशात सूत्रांचे कागद. बाई एस.टी.तच कागद जमा करून घ्यायच्या. मग पायथ्याशी रांग लावायच्या. ज्यांना जन्मभर पहिलं यायला शिकवलं होतं त्यांना सांगायच्या, तुझे पाय चांगले आहेत, तू मागं. आणि जो पोरगा चाचणीत ढ होता, धापा टाकत होता, त्याला माझ्या शेजारी आणून उभा करायच्या. म्हणायच्या, “बाबूभाई, ह्याला तुमच्या हाताखाली घ्या.” इमानानं सांगतो, अशी किती पोरं मी हाताखालून काढली! आज त्यांतले काही इंजिनियर आहेत, एक तहसीलदार आहे. तो अजून भेटला की लोकांना सांगतो, “मी बाबूचाचांच्या बरोबरीनं चाललोय.”

बाईंची जागा मात्र ठरलेली. सगळ्यात शेवट. साठीच्या पुढं गेल्या तरी शेवट. कुणाचा पाय मुरगळला, कुणाला रडू आलं, कुणी मागं रेंगाळलं, तर त्याच्या मागं बाई असणारच. एकदा अप्पांनी गमतीत विचारलं, “बाई, तुम्ही कवा म्होरं येणार?” बाई हसल्या नाहीत. “ज्या दिवशी मला म्होरं उभं करावं लागंल, त्या दिवशी शिट्टी तुमच्या हातात देईन अन् घरी बसंन.” बाईंचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ.

म्हणून गेल्या थंडीत माहूरच्या आधी महादेवीचा फोन आला तेव्हा मी हातातला दोर खाली ठेवला. बाई तिच्याकडं नांदेडला तपासायला गेल्या होत्या. “चाचा, बाईंचं हृदय दमलंय. मी नको म्हणून सांगितलं. त्या म्हणतात, माहूरहून आल्यावर काय करायचं ते कर. ऐकणार नाहीत. गेल्याच तर अगदी सावकाश, थांबत थांबत गेलं पाहिजे. मी शेजारी राहते, औषधं घेते, वरच्या रस्त्याला जीप ठेवते. पण रांगेपासून मागं पडल्या तर...”

पुढचं तिला सांगायची गरज नव्हती. मागं पडल्या तर सगळ्यांना दिसणार की आता सगळ्यात हळू बाईच आहेत. नियम त्यांचाच. स्वतःच चालत पुढं येतील, शिट्टी काढून देतील, आणि मग घरी बसतील. घरी बसलेल्या प्रयागबाई मला डोळ्यांपुढं आणता येईनात.

मी म्हटलं, “महादेवी, तू फिकीर करू नको. पुढं मी आहे.”

आणि त्या दिवशी मी जो चाललो... काय सांगू! अल्लाची कसम, असं हळू चालणं उभ्या मराठवाड्यात कुणी पाहिलं नसेल. एक मुंगी मला ओलांडून गेली, वरून काहीतरी घेऊन परत आली, पुन्हा ओलांडून गेली. दर दहा पायऱ्यांना बुटात खडा. दर वीस पायऱ्यांना नाडी सुटलेली. सागाच्या झाडाखाली थांबून मी पोरांना किल्ल्याचा इतिहास सांगितला, तो संपला तेव्हा नवा तयार करून सांगितला. सीताफळवालीशी भाव करत बसलो आणि शेवटी घेतलं काहीच नाही. तिनं घातलेल्या शिव्याही उभं राहून पूर्ण ऐकल्या. मागून पोरं ओरडत होती, “चाचा, आज मुक्काम इथंच का?” अप्पा, ऐंशीच्या घरातले, माझ्या पाठीत काठी टोचत होते. मी ढिम्म. आणि साऱ्या रांगेच्या मागं, वळणावर मधूनमधून दिसायच्या बाई. पदर खोचलेला, एक हात महादेवीच्या खांद्यावर, जणू पोरीलाच आधार देतायत. रांग थांबली की त्याही थांबायच्या. रांगेच्या एक पाऊलही मागं पडल्या नाहीत.

वर पोचलो. बाईंनी दम खाल्ला, डोकी मोजली, शिट्टी मारली, आणि म्हणाल्या, “सगळे आले.” मग माझ्याजवळ येऊन भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. “बाबूभाई, आज लई चांगलं चाललात.” तीस वर्षांत पहिली शाबासकी! मी घरी येऊन बेगमला ती सात वेळा सांगितली.

शिट्टी शेवटपर्यंत त्यांच्याच गळ्यात राहिली. त्यांनी कुणापुढं हात टेकले नाहीत, कुणी त्यांना ‘आता बसा’ म्हटलं नाही. याचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा माझ्या हजार मांडवांचा नाही.

शोकसभेचा मांडव मीच घातला, बाईंच्या शाळेच्या मैदानावर. माणूस मावेना. पुण्याहून, हैदराबादेहून जुनी पोरं आलेली. मला बोलायला उभं केलं तेव्हा मी माहूरचं सगळं सांगून टाकलं : खडा, नाडी, मुंगी, सीताफळवाली. बाईंची शान राखण्यासाठी हा बाबूभाई त्या दिवशी जन्मात चालला नव्हता इतका हळू कसा चालला, ते सांगितलं. लोक हसले, मग रडले. अप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले. मी खाली उतरलो ते जरा तरंगतच. महादेवी पहिल्या रांगेत बसली होती. तिच्या शेजारी टेकलो आणि हळूच विचारलं, “बाईंना कळलं असेल का गं, मी मुद्दाम रमतगमत चाललो ते?”

महादेवीनं नाक पुसलं. म्हणाली, “बाईंची नाडी बघायला मी घड्याळ लावलं होतं, चाचा. वर पोचायला दरसाल लागतो तेवढाच वेळ लागला.”